एका गाईचं अंतर

म्हापशाच्या स्टँडवर आम्ही सहा पायलट,
पिवळे मडगार्ड रांगेत लावून.
दुपारी दोनला गिऱ्हाईक नसतं.
अनिश म्हणाला, पुरसोकाका, हा मोबाईल धरा.
पडदा लाल आहे. हिरवा झाला की बोट टेकवा.
एवढंच.

मी बोट वर धरून बसलो,
गरी टाकून मानशीवर बसावं तसा.
हिरवा झाला. मला दिसला.
दिसला, हे नक्की. मग बोटाला कळलं.
त्या दोहोंच्या मधे कुणीतरी
चिठ्ठी घेऊन चालत गेलं असावं,
चपला हातात, चिखल चुकवत.

अनिशचे दोनशे चाळीस. माझे चारशे दहा.
एका सेकंदाच्या हजार तुकड्यांतले, असं तो म्हणाला
आणि पाच वेळा परत करायला लावलं.
पाचव्यांदा मी लालवरच बोट टेकवलं.
सगळे हसले. मीही हसलो,
जरा मागून.

एके काळी करासवाड्याला
पुढच्या बसचा मागचा दिवा पेटायच्या आधी
माझा पाय ब्रेकवर असायचा.
ड्रायव्हरची मान कशी कलते त्यावरून
तो कुठं वळणार ते मला कळे, त्याला कळायच्या आत.
शंभरातून पंचेचाळीस वजा करताना
ओठ हलायचे नाहीत.
आता हलतात.
सुलक्षा आतून काही बोलते,
मी "काय?" म्हणतो,
आणि तिनं परत सांगायच्या आत
तिचं पहिलंच वाक्य येऊन पोचतं,
चुकलेल्या फेरीबोटीनंतरच्या फेरीबोटीनं.
हल्ली ती परत सांगत नाही.
पिठातले हात तसेच ठेवून थांबते.

तिला आकडा सांगितला नाही.
रात्री कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला.
ताशी चाळीस, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर आणि वर थोडं.
गुणिले माझ्या आणि त्या पोराच्या बोटांतला फरक.
दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आला:
दोन मीटरला पाच-सहा बोटं कमी.
म्हणजे एक गाय.
मयड्याच्या वळणावर बसते ना, ती तांबूस,
नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत.
एवढी गाय
माझ्या डोळ्यात आणि माझ्या पायात
आडवी बसलीय,
कधीपासून कोण जाणे.
लायसनची मुदत मार्चमध्ये संपते.

शुक्रवारी पिएदादबाय आली. वय एकोणऐंशी.
बाजाराच्या दोन पिशव्या, छत्री, केळ्यांचा फणा.
तिला चढायला वेळ लागतो,
हाताला माझा खांदा सापडेपर्यंत मी पाय रोवून उभा.
"म्हाका घाई ना," ती म्हणाली,
जणू मला होती.

निघालो. पुढच्या रिक्षापासून मी एक गाय मागे राहिलो,
मोजून.
त्या जागेत लगेच एक स्कूटर घुसली,
मग मी आणखी एक गाय मागे.
मागून हॉर्न. हॉर्नही थोडा वेळानं पोचतो, बरं वाटतं.
पिएदादबाय कानाशी बोलत होती:
पेद्रूच्या लग्नाला जो केक केला, त्यात घातलं होतं,
तपकिरी, असं गोल,
किसायचं असतं, अगं बाई, काय ते,
तेच घ्यायला तर मी बाजारात आले,
आणि तेच राहिलं.
मला चेहरा दिसत होता त्या वस्तूचा. नाव मलाही येईना.
आम्ही दोघं ते शोधत होतो, एकाच सीटवर,
आणि वळणावर तांबूस उठली
आणि काहीही कारण नसताना चालायला लागली.

दिसली.
मग पायाला कळलं.
गाडी थांबली तेव्हा तिच्या पोटात आणि चाकात
वीतभर हवा होती.
तिनं आमच्याकडे बघितलं, सावकाश, एकेका डोळ्यानं.
माझं काळीज बरंच नंतर धडधडलं.

"जायफळ!" पाठीमागून पिएदादबाय.
खांद्यावर तिची मूठ अजून घट्ट.

आता मागे फिरायचं.
मी इंडिकेटर लावला,
पुढंमागं कुणी नव्हतं,
तरी लावून तसाच उभा राहिलो
आणि त्याचं टिकटिकणं ऐकलं.